मंगालित्साला लिंकनशायरचे डुक्कर म्हणू नका

मेंढीसारखी कुरळी लोकर अंगावर घेऊन बर्फात निवांत उभ्या असलेल्या डुकराचे छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. ते हंगेरीचे मंगालित्सा. 1830 च्या दशकात सर्बियातील शुमादिया डुकरांपासून ही जात तयार झाली आणि तिच्या जाड चरबीसाठी पाळली गेली, हे पुन्हा विस्ताराने सांगण्याची गरज नाही. हा मेंढी आणि डुकराचा संकर आहे, या समजुतीला तर उत्तर देण्याचीही माझी इच्छा नाही.

मला खरा वैताग येतो तो त्याच छायाचित्राखाली ‘इंग्लंडची लिंकनशायर कर्ली कोट’ असे छापलेले दिसते तेव्हा. ही कुरळ्या केसांचीच इंग्लिश जात थंड, दमट लिंकनशायर परगण्यात घराघरांत पाळली जाई. पण 1955 च्या सरकारी अहवालाने मोजक्याच जातींवर भर द्यावा असे सुचवले, पाळणारे घटत गेले आणि 1972 मध्ये ती नामशेष झाली. दुर्मीळ जाती वाचवणारी ब्रिटनमधील संस्था स्थापन झाली ती त्यानंतर अवघ्या एका वर्षाने.

घोळ वाढला तो 2006 साली ऑस्ट्रियातून काही मंगालित्सा ब्रिटनमध्ये आणली गेल्यामुळे, कारण ‘कुरळी डुकरे परतली’ हे वाक्य वाचून अनेकांनी लिंकनशायरच जिवंत झाली असे मानले. विसाव्या शतकाच्या आरंभी काही लिंकनशायर डुकरे मध्य युरोपात गेली आणि तिथे त्यांचा मंगालित्साशी संकरही झाला, हे खरे. मात्र मंगालित्साची लोकर त्याच्या कित्येक दशके आधीपासून कुरळी होती. तेव्हा ती इंग्लंडहून आलेली नाही, आणि अशा संकरातून उरलेल्या रक्ताच्या थेंबामुळे मेलेली जात परत येत नाही.

छायाचित्रातले डुक्कर या दोहोंपैकी कोणते हे ओळखताना कानांच्या ठेवणीवर मी फारसा विसंबत नाही. त्यापेक्षा केस बाजूला सारून कातडी पाहावी. पिवळसर मंगालित्साच्या फिकट लोकरीखाली कातडी काळसर असते, आणि नाकाचा शेंडा, पापण्यांच्या कडा व खूर काळे असतात. लिंकनशायर मात्र पांढरे डुक्कर होते. पिल्ले दिसली तर काम आणखी सोपे, कारण मंगालित्साच्या पिल्लांच्या पाठीवर रानडुकराच्या पिल्लांसारखे पट्टे असतात. आणि अलीकडे मोबाइलवर काढलेले छायाचित्र असेल, तर तेवढीही तपासणी नको.