पहिली बोल्ट-ॲक्शन रायफल आणि १९६४ चा न मिटलेला वाद

पहिली शिकारी रायफल घ्यायला निघालेल्या माणसाला कॅलिबरच्या खालोखाल एकच प्रश्न सगळीकडून ऐकावा लागतो: बोल्ट (काडतूस आत सरकवून नळीचं मागचं तोंड बंद करणारा, हाताने चालवायचा दांडा) 'कंट्रोल्ड फीड' हवा की 'पुश फीड'? नवख्याच्या खरेदीत इतक्या बारीक मुद्द्याला एवढं वजन आलं ते १९६४ साली एका कंपनीने घेतलेल्या निर्णयामुळे.

त्याआधीचा इतिहास लष्करी आहे. प्रशियाने १८४१ मध्ये बोल्टची रायफल स्वीकारली, १८८६ मध्ये फ्रान्सने बिनधुराची दारू आणली आणि १८९८ च्या जर्मन माउझर रायफलमध्ये आजच्या बहुतेक बोल्टचा पाया पडला. बोल्टच्या तोंडाशी दोन भक्कम लग (बोल्टला जागी अडकवणारे उंचवटे), मागे सुरक्षेसाठी तिसरा, आणि कडेने लांबच लांब पोलादी पट्टीचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस पकडून बाहेर ओढणारा भाग. काडतूस मॅगझिनमधून वर सरकतानाच त्याच्या बुडाची कडा या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली जाते, आणि तिथून ते रिकामं होऊन बाहेर पडेपर्यंत पकड सुटत नाही. यालाच कंट्रोल्ड फीड म्हणतात. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हाताला बोल्ट सरावाचा झाला होता. त्यांच्यासाठी शिकारी रायफली निघाल्या. त्यांतली सर्वांत नावाजलेली विंचेस्टर मॉडेल ७०, १९३६ ची. रचना माउझरच्या वळणाची, दस्त्यावरची पकडीसाठीची जाळी हाताने कोरलेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर असं काम परवडेना. १९४८ मध्ये प्रतिस्पर्धी रेमिंग्टन कंपनीने गोल सळईतून कातलेला रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) आणि बोल्टच्या तोंडातच बसणारा छोटा एक्स्ट्रॅक्टर आणला. १९६२ मध्ये त्याच वळणावर त्यांचंच मॉडेल ७०० आलं. या पुश फीडमध्ये बोल्ट काडतुसाला नुसतं पुढे ढकलतो. पकड बसते ती बोल्ट पूर्ण मिटताना. बनवायला हे स्वस्त. शिवाय काडतुसाच्या बुडाभोवती पोलादाचं अखंड कडं येतं, त्यामुळे बूड फुटलंच तर गॅस आवरायला मदत होते.

१९६४ मध्ये मॉडेल ७० च्या कंपनीनेही हाच रस्ता धरला, पण एकाच दमात सगळं बदललं. लांब एक्स्ट्रॅक्टर गेला. कोरीव जाळीच्या जागी साच्याने दाबलेली नक्षी आली. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये लांबूनही दिसेल अशी फट राहिली. ग्राहक खवळले, आणि 'चौसष्टच्या आधीची' हा जुन्या बाजारात भाव चढवणारा शब्द झाला. माझ्या मते इथे पुश फीडवर अन्याय झाला. लोकांना खुपला तो कारागिरीतला हलकेपणा; दोष मात्र पुश फीडच्या माथी बसला. १९६८ मध्ये बोल्ट अडखळू नये म्हणून सुधारणा झाली, १९९० च्या दशकात कंट्रोल्ड फीड परतही आलं, तरी तो शिक्का पुसला गेला नाही.

जुन्या रचनेचा फायदा खोटा नाही. घाईत बोल्ट पुढे नेला आणि न मिटवता मागे ओढला, तर पुश फीडमध्ये पहिलं काडतूस चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) राहतं. बोल्ट पुन्हा पुढे आला की दुसरं त्याच्या बुडावर जाऊन आदळतं आणि रायफल ऐन वेळी अडकते. चाल करून येणाऱ्या जनावरासमोर याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. पण हरणाच्या शिकारीला निघालेल्या नवख्याने बोल्ट शेवटपर्यंत मागे आणि शेवटपर्यंत पुढे नेण्याची सवय लावली की हा धोका जवळपास उरत नाही. उलट अस्सल माउझर वळणाच्या बोल्टला चेंबरमध्ये सुटं टाकलेलं एकच काडतूस मानवत नाही. ते मॅगझिनमधूनच द्यावं लागतं.

याच काळातल्या दुसऱ्या एका बदलाने नवख्यांचं जास्त नुकसान केलं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १९६२ मध्ये ७ एमएम मॅग्नम आणि १९६३ मध्ये .३०० मॅग्नम ही जास्त ताकदीची काडतुसं आली, आणि जास्त ताकद म्हणजे जास्त चांगली रायफल हा समज पसरला. खांद्याला धक्क्याची धास्ती बसली की ट्रिगर दाबतानाच डोळे मिटतात. मग बोल्ट कुठलाही असो, गोळी भलतीकडेच जाते. १९५२ चं .३०८ आणि १९५५ चं .२४३ ही सौम्य धक्क्याची काडतुसं तेव्हाही मिळत होती. २००७ मध्ये त्यात ६.५ क्रीडमोरची भर पडली. सौम्य धक्क्याची निवड आता लाजेची राहिलेली नाही, हे फार बरं झालं.

२०१० नंतर प्लास्टिकच्या दस्त्याच्या स्वस्त रायफली आल्या. बहुतेक पुश फीडच्या, ट्रिगर हलका-जड करता येणारा, आणि योग्य काडतूस सापडलं तर शंभर यार्डांवर इंच-दीड इंचात गोळ्या टाकणाऱ्या. लष्करातून निकाली निघालेली जुनी माउझर घेऊन तिची शिकारी रायफल करण्याची वाट त्यामुळे बंद होत आली. दुर्बिणीसाठी रिसीव्हरला भोकं पाडायची, बोल्टचा सरळ दांडा खाली वाकवायचा, दुर्बिणीला आडवी येणारी सेफ्टी बदलायची. एवढी मजुरी धरली तर नवी रायफलच स्वस्त पडते.