'रोजची भाकर'मधलं 'रोजची'

"आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." प्रभूच्या प्रार्थनेतली ही ओळ मराठी ख्रिस्ती घरांत पोरंसोरंही घडाघडा म्हणतात. भाकरीबद्दल वाद नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'आर्तोस' हा भाकरीचाच साधा शब्द आहे. घोळ आहे तो 'रोजची'चा. त्या जागी ग्रीकमध्ये 'एपिऊसिओस' आहे. मत्तय ६:११ आणि लूक ११:३, म्हणजे ही एकच प्रार्थना सोडली, तर नव्या करारात तो कुठेच नाही.

तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाचं लिहिणं-बोलणं सगळं ग्रीकमध्ये. त्यालाही हा शब्द ना लेखकांकडे सापडला, ना लोकांच्या तोंडी. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा, असं त्याने लिहून ठेवलं.

मग उरते शब्दाची फोड. 'ऊसिया' म्हणजे अस्तित्व, सत्त्व; तिथून आला असेल तर 'जगण्यापुरती भाकर'. 'एपिऊसा' म्हणजे पुढचा दिवस. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये 'दुसऱ्या दिवशी' म्हणताना हाच शब्द येतो. तिथून आला असेल तर 'उद्याची भाकर आजच दे'. इब्री लोकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका शुभवर्तमानात या जागी 'माहार', म्हणजे 'उद्या', असल्याचं बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमने नोंदवलंय. गंमत म्हणजे त्याच जेरोमच्या लॅटिनमध्ये मत्तयात 'सत्त्वापलीकडची' भाकर आहे आणि लूकमध्ये 'रोजची'. ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच! लोकांच्या ओठी मात्र 'रोजची'च राहिली.

मला 'रोजची' जरा खटकतं ते लूकमुळे. तिथे 'दररोज' अशा अर्थाचे वेगळे शब्द आधीच आहेत. म्हणून मराठीत "रोजची भाकर रोज" असा दुहेरी रोज येतो.

प्रार्थनेबाहेरचा एक दाखला मिळाला, असं बराच काळ वाटत होतं. इजिप्तमधल्या फायूम भागात, हवारा इथे उत्खनन करणाऱ्या फ्लिंडर्स पेट्रीला मिळालेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदांत, खर्चाची एक यादी होती. त्यात ए. एच. सेस या अभ्यासकांनी हाच शब्द वाचला. १८८९मध्ये ते वाचन छापूनही आलं. त्यावरून 'रोजचा शिधा' हा अर्थ पक्का धरणारेही निघाले. पुढे तो तुकडाच गहाळ झाला. १९९८मध्ये तो येल विद्यापीठाच्या संग्रहात सापडला आणि पुन्हा नीट वाचला गेला.

तिथे लिहिलं होतं 'एलाइऊ'. तेलाचा खर्च!