चिप जळत नाही, बिट उलटतो

28 नोव्हेंबर 2025 रोजी एअरबसने ए320 कुळातल्या सुमारे 6,000 विमानांमध्ये तातडीने बदल करायला सांगितले. तीव्र सौर प्रारणामुळे उड्डाण-नियंत्रणाची माहिती बिघडू शकते, हे कारण. लगेच ‘सौरवादळाचा विमानांना तडाखा’ छापाच्या बातम्या आल्या. पण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. वीजवाहिन्यांना धोका असतो तो सूर्यावरून सुटलेल्या चुंबकित ढगाचा, आणि तो यायला साधारण 15 तास ते 3 दिवस घेतो. चिपला छळणारे वेगवान प्रोटॉन अर्ध्याएक तासातही येऊन थडकतात.

गंमत म्हणजे विमानातल्या चिपपर्यंत सहसा तो प्रोटॉन पोचतच नाही. हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणुकेंद्रकांवर आपटून तो त्यांचे तुकडे उडवतो. त्यात न्यूट्रॉन असतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमचा पत्रा त्याच्या खिजगणतीत नसतो. चिपमधूनही बहुतेक आरपार जातात. एखादाच सिलिकॉनच्या केंद्रकावर बसतो. उडालेले भारित तुकडे जेमतेम काही मायक्रोमीटर जातात, पण वाटेत इलेक्ट्रॉन सोडवत जातात. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याच्यामागे उरणारी रिकामी जागा (होल) अशी एक जोडी सुटायला 3.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. म्हणजे 10 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सांडली की पावणेतीन लाखांवर जोड्या, सुमारे 44 फेम्टोकूलॉम (विद्युतभाराचं अतिसूक्ष्म एकक) भार. आधुनिक स्मृतिपेशी (एक बिट, म्हणजे 0 किंवा 1, साठवणारी जागा) पलटायला एखाददुसरा फेम्टोकूलॉमही पुरतो. 0 चा 1 होतो. नव्याने लिहिलं की पेशी ठणठणीत, म्हणूनच नंतर तपासणीत काही सापडत नाही.

यावर उतारा म्हणजे 64 बिटांमागे 8 तपासणी-बिट. एक चूक दुरुस्त होते, दोन झाल्या तर फक्त कळतात. एकाच तुकड्याने शेजारच्या दोन पेशी उलटू शकतात, म्हणून अशा एका गटाचे बिट मुद्दाम लांब-लांब ठेवतात आणि दुसरी चूक होण्याआधी स्मृती वाचून पुन्हा लिहीत राहतात.

‘रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, घातक किरण येणार आहेत’ हा मेसेज दरवर्षी फिरतो. तो खुशाल पुसून टाका. चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने आपल्याकडे साधारण 15 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टखालचे प्रोटॉन पृथ्वीचं चुंबकक्षेत्रच वळवून लावतं, आणि सूर्याचे बहुतेक प्रोटॉन त्याहून कितीतरी दुबळे असतात. ध्रुवांजवळ ही ढाल जवळपास नसतेच. म्हणून मोठ्या प्रोटॉन वादळात तिकडची विमानं खालच्या उंचीवरून किंवा विषुववृत्ताकडे सरकलेल्या मार्गाने नेतात.