‘मोस्ट वॉन्टेड’ म्हणजे नेमका कोणता?

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. “मामा, तू सांगितलेला गेम घेतला. पण यात ब्लॅकलिस्टच नाहीये. आणि सगळ्या गाड्या रस्त्यावर फुकट उभ्या आहेत!” त्याने ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम घेतला होता, पण २०१२ चा. मी सांगत होतो २००५ चा. चूक त्याची नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने सात वर्षांच्या अंतराने दोन गेम काढले आणि दोघांचं बारसं एकाच नावाने केलं. त्यात जुना स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, कधी आलाच नाही, त्यामुळे शोधायला गेलं की समोर येतो तो नवाच.

जुना गेम ईए ब्लॅक बॉक्स या स्टुडिओचा, नवा क्रायटेरियनचा. दोन्हीकडे एक मोठं शहर, मागे लागलेले पोलीस, आणि एकेक प्रतिस्पर्धी हरवत पहिल्या क्रमांकापर्यंत जायचं. ऐकायला सारखंच वाटतं. पण ‘गाडी अनलॉक झाली’ या वाक्याचा अर्थ दोन्हीकडे इतका वेगळा आहे की एका गेमची सवय घेऊन दुसऱ्यात गेलात तर गोंधळ ठरलेला.

२००५ च्या गेमची सुरुवातच अपमानाने होते. तुमची बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर रेझर नावाचा माणूस शर्यतीआधी बिघडवून ठेवतो, तुम्ही हरता, गाडी त्याच्याकडे जाते आणि तिच्याच जोरावर तो ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे शहरातल्या पंधरा नामचीन रेसरांच्या यादीत, पंधराव्यावरून पहिल्या क्रमांकावर जाऊन बसतो. तुमच्या हातात उरतात थोडे पैसे. त्यात शोरूममधून काय घ्यायचं? फियाट पुंटो, शेव्हरोले कोबाल्ट, गोल्फ जीटीआय, लेक्सस आयएस३००. (याच पुंटोची पुढची पिढी २००९ मध्ये भारतात आली. ती आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात बनायची. पहिल्यांदा रस्त्यावर दिसली तेव्हा मला आठवलं ते या गेममधलं रॉकपोर्ट शहर.)

इथे प्रगतीची दोन खाती आहेत आणि नवखा हमखास त्यांची गल्लत करतो. एक रोख पैसे: शर्यत जिंका, मिळवा, गाडी किंवा पार्ट घेण्यात खर्च करा. दुसरी बाउंटी: पोलिसांना जितका त्रास द्याल तितकी वाढते, पण तुम्ही निसटलात तरच खात्यात जमा होते. बाउंटीने काहीही विकत घेता येत नाही. तो फक्त दबदबा. ब्लॅकलिस्टवरच्या माणसाला आव्हान द्यायचं तर ठरावीक शर्यती, पोलिसांबरोबरचे ठरावीक पराक्रम आणि ठरावीक बाउंटी, असं तिन्ही लागतं. नुसता शर्यतीत तरबेज असून भागत नाही.

शोरूममध्ये नव्या गाड्या येतात त्याही ब्लॅकलिस्टवरची माणसं हरवत गेल्यावर. म्हणजे इथे ‘अनलॉक’ म्हणजे गाडी मिळाली असं नव्हे, गाडी विकत घ्यायची परवानगी मिळाली. खरं बक्षीस वेगळंच. ब्लॅकलिस्टचा माणूस हरला की सहा मार्कर, म्हणजे बक्षिसांच्या चिठ्ठ्या, समोर येतात, त्यातले दोन उचलायचे. तीन उघडे, तीन प्रश्नचिन्हाचे. त्या झाकलेल्यांत कुठेतरी पिंक स्लिप असते, म्हणजे हरलेल्याच्या गाडीचं आरसी बुकच म्हणा. सापडलं की गाडी तुमची, एक पैसा न देता. आमच्या सांगलीच्या सायबर कॅफेत या क्षणाला खुर्चीमागे चार-पाच जण गोळा व्हायचे आणि प्रत्येकाचा ठाम सल्ला असायचा, “डावीकडचा घे.”

आणि मिळालेली गाडी जाऊही शकते, हे महत्त्वाचं. पोलिसांनी पकडलं की दंड भरायचा आणि गाडीच्या नावावर एक ठपका. ठपके भरले की गाडी जप्त. एका सुट्टीत माझ्याच प्रोफाइलवर कुणी तरी खेळून माझी सुप्रा घालवली होती. कोणी, ते आजतागायत कळलेलं नाही. पण त्या गाडीत शर्यती करून मिळवलेला पैसा होता, म्हणून ते दुखलं.

२०१२ च्या गेममध्ये असं दुखत नाही, कारण फेअरहेवन शहरात गाडी तुमची अशी होतच नाही. रस्त्याच्या कडेला, गच्चीवर, बोळात गाड्या उभ्या असतात. जवळ जा, बटण दाबा, बसा. पैसे नाहीत, शोरूम नाही. पोर्शे काय, लॅम्बोर्गिनी काय, जिथे सापडेल तिथे घ्या. कुलूप आहे ते फक्त दहा गाड्यांना, मोस्ट वॉन्टेड यादीतल्या. दहाव्यावर अल्फा रोमिओ ४सी, दुसऱ्यावर बुगाटी व्हेरॉन, पहिल्यावर कोनिगसेग अगेरा आर. इथे माणसांना चेहरेच नाहीत, यादीच गाड्यांची आहे. स्पीड पॉइंट्स पुरेसे झाले की शर्यत उघडते, आणि हे पॉइंट्स जुन्या बाउंटीसारखेच खर्च होत नाहीत. जिंकूनही गाडी लगेच मिळत नाही. जिंकल्यावर तीच गाडी शहरात फिरताना गाठून, धडक देऊन बंद पाडावी लागते. मगच ती चालवायला मिळते.

भाच्याचा खरा घोटाळा मात्र वेगळा होता. “एवढी भारी गाडी घेतली तरी हरतोय,” म्हणाला. त्याला वाटलं कॉम्प्युटर चीटिंग करतोय. या गेममध्ये गाडी उघडी असते पण ‘नागडी’ असते. नायट्रो (क्षणभर जादा वेग देणारा), टायर, गिअर, चासी, बॉडी हे सगळं त्या-त्या गाडीच्या स्वतःच्या शर्यती जिंकून मिळतं. एका गाडीवर कमावलेला नायट्रो दुसरीला लागत नाही. गाडी बदलली की पुन्हा पाटी कोरी. आणि पार्टही नुसते ‘आणखी चांगले’ नसतात: आखूड गिअर लावले तर पिकअप येतो पण टॉप स्पीड जातो, हलकी चासी वेग देते पण धडकेला टिकत नाही. कुठल्या शर्यतीला काय, हे चालता चालताच मेनूतून ठरवायचं.

प्रतिस्पर्ध्यांबद्दल बोलायचं तर कॉम्प्युटर दोन्हीकडे थोडा लबाड आहेच. याला खेळणारे रबर बँड म्हणतात: तुम्ही फार पुढे गेलात की मागच्यांना अंगात आल्यासारखा वेग येतो, तुम्ही मागे पडलात की पुढचे रेंगाळतात. माझ्या मते जुन्या गेममध्ये हे जास्त खुपतं, कारण तिथे पैसे ओतून गाडी तयार केलेली असते आणि मोबदल्यात मोठी आघाडी हवी असते. ती मिळत नाही. म्हणून तिथे पहिल्या फेरीतली चूक भरून निघते, शेवटच्या दोन वळणांतली नाही. नायट्रो आणि वेळ संथ करणारा स्पीडब्रेकर शेवटासाठी राखून ठेवा, एवढंच मी त्या काळी शिकलो. २०१२ मध्ये यादीतल्या शर्यतीत पोलीसही मध्ये घुसतात, त्यामुळे मागचा कसा आला हे बघायलाच फुरसत नसते.

मोबाइलवर याच नावाचा आणखी एक आला होता, फायरमंकीज या स्टुडिओचा, तोही २०१२ चा. त्यात गाड्या विकत घ्याव्या लागतात. त्याचे नियम या दोघांनाही लावू नका.

भाचा आता नव्यातच रमलाय. परवा विचारत होता, ती एम३ जीटीआर यात मिळते का? मिळते. फेब्रुवारी २०१३ मध्ये जुन्या हिरो गाड्यांचा एक पॅक आला होता, त्यात ती आहे. मात्र ती परत मिळवायला तिथे रेझर नाही. पॅक विकत घ्यायचा, की झालं.