डुर्खब्रुखम्युलर: रिटायर होऊन परत आलेला तोफखानेवाला

पहिल्या महायुद्धातल्या मार्च १९१८ च्या जर्मन हल्ल्याविषयी कुठेही वाचा, कौतुक सगळं स्टॉर्मट्रूपर्सचं (निवडक हल्लेखोर पायदळाचं) असतं, धुक्यातून धावत जाणारे, हातबॉम्ब फेकणारे वगैरे. पण ते खंदकातून बाहेर पडायच्या आधी पाच तास काय चाललं होतं आणि ते कोणी ठरवलं होतं हे फारसं कोणी सांगत नाही. तो माणूस म्हणजे कर्नल गेओर्ग ब्रुखम्युलर.

जन्म १८६३, बर्लिनचा. नोकरी 'फूट आर्टिलरी'त, म्हणजे किल्ल्यांच्या आणि वेढ्याच्या जड तोफा सांभाळणाऱ्या शाखेत. सगळा रुबाब फील्ड आर्टिलरीचा, घोडे उधळत तोफा मैदानात आणायच्या आणि समोर दिसणाऱ्या शत्रूवर डागायच्या. हे लोक मात्र कागद-पेन्सिल घेऊन न दिसणाऱ्या टार्गेटचा हिशोब मांडत बसणारे. मला वाटतं पुढचं सगळं या हिशोबी सवयीतूनच आलं. १९१३ ला तब्येतीमुळे तो रिटायर झाला, पन्नाशीला टेकलेला, आता कोण विचारतंय. पण १९१४ ला युद्ध सुरू झालं आणि परत बोलावणं आलं, मग एका इन्फंट्री डिव्हिजनचा तोफखाना हाताखाली घेऊन साहेब पूर्व आघाडीवर, म्हणजे रशियनांसमोर.

तेव्हाची अडचण काय होती ते जरा समजून घ्यायला हवं. तोफांचा मारा म्हणजे जितका जास्त वेळ तितका चांगला, असा सगळ्यांचाच समज. १९१६ ला फ्रान्समधल्या सोम नदीवरच्या लढाईआधी ब्रिटिशांनी आठवडाभर मारा केला, १५ लाखांच्या आसपास गोळे, तरी जर्मन मशीनगनवाले खोल तळघरातून जिवंत बाहेर आलेच. शिवाय सात दिवस आधीच दवंडी पिटल्यासारखं, समोरच्याला कुमक आणायला भरपूर वेळ, आणि जमीन अशी उकरून ठेवलेली की आपल्याच पायदळाला चालता येऊ नये.

ब्रुखम्युलरचं म्हणणं उलटं होतं. सगळं उद्ध्वस्त करायची गरजच नाही, समोरच्याला काही तास आंधळा-बहिरा करून ठेवा, तेवढ्यात आपलं पायदळ पोचलं पाहिजे. म्हणजे मारा छोटा पण भयंकर दाट. आधी हेडक्वार्टर, टेलिफोन एक्सचेंज, शत्रूच्या तोफा, मग खंदक, आणि शेवटी पायदळाच्या पुढेपुढे सरकत जाणारी गोळ्यांची भिंत. एप्रिल १९१६ मध्ये नारोच तलावापाशी त्याला हे मनासारखं करून बघायला मिळालं आणि रशियनांनी घेतलेली जमीन परत मिळाली, तिथून नाव व्हायला लागलं. मे १९१७ ला 'पूर ल मेरीत' हे मोठं पदक. सप्टेंबर १९१७ ला रीगा, रशियनांच्या ताब्यातलं शहर (आज लाटवियात): जर्मन जनरल हुटियरच्या सैन्याला द्विना नदी ओलांडायची होती, पहाटे ४ ला मारा सुरू, ९ च्या सुमारास पायदळ होड्यांत, आणि दोन दिवसांनी शहर ताब्यात.

यातला विषारी गॅसचा भाग वाचताना पोटात कालवतं. गोळ्यांवर रंगीत क्रॉस असायचे. निळा म्हणजे शिंका-उलट्या आणणारा, तो मास्कमधून आत शिरावा आणि माणसाने हैराण होऊन मास्क काढावा ही अपेक्षा, आणि सोबत हिरवा म्हणजे फॉस्जीनसारखा जीव घेणारा. निळा प्रत्यक्षात ठरवला तेवढा चालला नाही, पण विचार बघा कसा केलाय.

दुसरी गोष्ट त्याची स्वतःची नव्हती, ती कॅप्टन पुल्कोव्स्कीची. तोपर्यंत नेम जुळवायला आधी दोनचार गोळे टाकून बघायचे, त्यात गुपित फुटायचं. पुल्कोव्स्कीने काय केलं, तर प्रत्येक तोफ आघाडीच्या मागे नेऊन तिचा गोळा नळीतून किती वेगाने सुटतो ते मोजायचं (झिजलेली नळी असेल तर गोळा अलीकडेच पडतो), आणि त्या दिवशीचा वारा, हवेचा दाब, तापमान धरून कागदावरच नेम काढायचा. एकही गोळा न टाकता. बरेच वरिष्ठ यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते, ब्रुखम्युलरने मात्र ते उचलून धरलं.

आणि माझ्या मते त्याची खरी करामत वेगळीच. पायदळाला आपल्याच तोफांची भीती वाटायची, गोळा आखूड पडला की आपलीच माणसं जायची. त्यामुळे हल्ल्याआधी पायदळाच्या ऑफिसरना सगळा प्लॅन समजावून सांगायचा, कुठला मारा किती वाजता सरकणार, भिंतीच्या मागे किती अंतर ठेवायचं, यावर त्याचा कटाक्ष होता. कल्पना बऱ्याच इतरांच्या होत्या, पण त्या गोळा करून, जुळवून, समोरच्याच्या गळी उतरवणारा हा एकटा. 'डुर्खब्रुख' म्हणजे जर्मनमध्ये आघाडी फोडून आरपार जाणं, म्हणून आडनावाला जोडून सैनिक त्याला डुर्खब्रुखम्युलर म्हणायला लागले.

२१ मार्च १९१८, पहाटे ४:४०. साडेसहा हजारांहून जास्त तोफा, पाच तास, आणि पहिल्या दिवसाचे मिळून सुमारे ३२ लाख गोळे. तो ज्या १८ व्या आर्मीत होता तीच या हल्ल्यात सगळ्यात लांब गेली. पण आघाडी फोडली तरी चिखलातून, खड्ड्यांतून तोफा आणि दारूगोळा पुढे ओढत न्यायचा कसा, याला त्याच्या कागदावर उत्तर नव्हतं. २७ मे ला फ्रान्समधल्या शेमँ दे दाम या डोंगररांगेवर परत तेच, अडीच-पावणेतीन तासांचा मारा आणि फ्रेंच फळी कोसळली.

मग १५ जुलै, फ्रान्सचा शँपेन प्रांत. फ्रेंचांना कैद्यांकडून वेळ आधीच कळली होती. त्यांनी पुढचा खंदक जवळजवळ रिकामा ठेवला, माणसं मागे नेली, वर स्वतःच्या तोफा आधी सुरू केल्या. हिशोब बरोबर, नेम बरोबर, आणि गोळे पडतायत मोकळ्या खंदकात.

युद्ध संपल्यावर १९१९ ला तो कर्नल म्हणूनच घरी गेला. नंतर स्वतःच्या पद्धतीवर पुस्तकं लिहिली, ती शत्रूपक्षाच्या आर्मींनीही भाषांतर करून वाचली. जनरलचा हुद्दा मिळाला तो १९३९ ला, तोही मानद, तेव्हा वय ७५. १९४८ मध्ये गार्मिश-पार्टेनकिर्खनला वारला.