युवा स्वयंसेवा (पुणे)

शिकत्या वयातील मुलामुलींनी मोबदला न घेता, ठरवून आणि सातत्याने केलेल्या लोकोपयोगी कामाला युवा स्वयंसेवा म्हणतात. पुण्यात असे काम मुख्यतः महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) पथके, सेवाभावी संस्था, गणेश मंडळे आणि टेकड्यांवर झाडे जगवणारे नागरिकांचे गट यांच्यामार्फत चालते. या कामातून समाजाला काय मिळाले याची नोंद अहवालांत होते. ते करणाऱ्या मुलांना काय मिळाले याची क्वचितच होते. म्हणून येथे त्या बाजूचा विचार अधिक केला आहे.

पुण्याला या कामाची जुनी परंपरा आहे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना येथेच केली. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत १० मार्चला त्यांचे निधन झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुणे सेवासदन उभे राहिले, तर १९४१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाळकरी मुलांपर्यंत सेवेचे आणि समतेचे संस्कार नेले. रासेयोचा आरंभ गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत झाला. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेची तारीखही तीच असावी, हा योगायोग पुण्यातील स्वयंसेवकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे.

रासेयोच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात राहावे, अशी अपेक्षा असते. हे श्रमसंस्कार शिबिर बहुधा दत्तक गावात भरते. मुळशी, वेल्हे, भोर या भागांतील गावांत शिबिरार्थी शाळेच्या खोल्यांत झोपतात, पाळीपाळीने स्वयंपाकाला मदत करतात आणि सकाळी श्रमदानाला जातात. ओढ्यावर वनराई बंधारा घालणे हे त्यांतील नेहमीचे काम. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडे शिवायची, पोती हातोहात साखळीने पुढे द्यायची आणि विटांसारखे सांधे चुकवत एकावर एक थर रचायचे. उत्साहाच्या भरात मुले पोते गच्च भरतात. मग ते उचलत नाही आणि उचलले तरी गोल राहून नीट बसत नाही. पोते थोडे रिते ठेवावे म्हणजे ते दाबून पसरते आणि फट राहत नाही, हे तिथे गावातील एखादे आजोबा सांगतात. गावाला शिकवायला निघालेल्या मुलांना पहिला धडा गावाकडूनच मिळतो आणि अंगमेहनतीच्या कामातही बुद्धी लागते हे त्यांच्या हातांना कळते.

या शहरातील सर्वांत कमी गाजावाजा होणारे आणि तरीही सर्वांत जास्त शिकवणारे काम लेखनिकाचे आहे. कोरेगाव पार्क आणि कोथरूड येथे अंध मुलामुलींच्या शाळा आहेत. शिवाय महाविद्यालयीन शिक्षणासाठी आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राज्यभरातून अनेक अंध विद्यार्थी पुण्यात येतात. त्यांच्या परीक्षेत प्रश्न वाचून दाखवणे आणि ते सांगतील ते उत्तर उतरवणे हे लेखनिकाचे काम. शालान्त परीक्षेसाठी लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतील असतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा परीक्षार्थीला दर तासामागे किमान २० मिनिटे जादा दिली जातात, म्हणजे तीन तासांची उत्तरपत्रिका लेखनिकासाठी चार तासांची होते.

या चार तासांत लेखनिकाने स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवायचे असते. उत्तर चुकते आहे हे दिसत असताना ते तसेच लिहायचे, सूचक खाकरायचे नाही, प्रश्न वाचताना योग्य पर्यायावर आवाज चढवायचा नाही. ‘ताई, मागचा परिच्छेद पुन्हा वाचता?’ असे विचारले की तो त्याच शांतपणे पुन्हा वाचायचा. दुसऱ्याला मदत करणे म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेणे नव्हे, ही समज अनेक व्याख्यानांनी येत नाही ती एका पेपरात येते. दिलेल्या शब्दाचे वजनही इथेच कळते. वर्गमित्रांबरोबर ठरलेली सहल चुकवली तर रुसवा होतो. लेखनिक आयत्या वेळी आला नाही तर समोरच्याचे वर्ष जाऊ शकते. ज्यांनी हे काम केले आहे, त्यांची वेळ पाळण्याची सवय पुढे नोकरीतही टिकते, असा अनुभव आहे.

गणेशोत्सवात विसर्जन घाटांवर निर्माल्य गोळा करणारी मुले वेगळेच काही शिकतात. ‘नदीत टाकू नका’ असे फर्मावले की माणूस दुखावतो. ‘काका, निर्माल्य माझ्याकडे द्या, खत होईल’ असे म्हटले की तोच माणूस पिशवी पुढे करतो. भक्तीला धक्का न लावता सवय बदलता येते, हे कौशल्य तासन्‌तास उभे राहून, नकार ऐकून आणि पुन्हा नम्रपणे विचारून अंगी येते.

अलीकडे पदवी अभ्यासक्रमात रासेयोला श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागल्याने सहभाग वाढण्यास मदत होते, पण केवळ प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांचा प्रश्नही उभा राहतो. श्रेयांकासाठी आलेला विद्यार्थी कामात रमल्याची उदाहरणे असल्याने त्याला दाराशीच अडवणे योग्य नाही. खरी उणीव एकदिवसीय कार्यक्रमांत आहे. जुलैत वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर रोप लावताना छायाचित्रे निघतात, पण रोपाची कसोटी मार्च ते मे या महिन्यांत लागते. तेव्हा पाच लिटरचा कॅन हातात घेऊन पहाटे टेकडी चढणारे थोडेच असतात. पाणी आळ्यात हळूहळू मुरू द्यावे लागते, वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे लागते आणि आठवड्याने परत यावे लागते. त्या थोड्यांमध्ये परीक्षा तोंडावर असूनही आपली पाळी न चुकवणारी मुले दर उन्हाळ्यात दिसतात.