अँथनी गोन्साल्विस: गाण्यातलं नाव आणि खरा संगीतकार

रागदारी आणि वेस्टर्न ऑर्केस्ट्रा एकत्र आणणारे संगीतकार म्हटलं की आपल्याकडे इलैयाराजा, रहमान, अजय-अतुल ही नावं येतात आणि ती यायलाच हवीत, 'सैराट'साठी हॉलिवूडमध्ये जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला तेव्हा आपल्या सगळ्यांनाच भारी वाटलं होतं. पण हा धागा मागे मागे नेत गेलो तर तो १९५८ सालच्या मुंबईत जातो आणि तिथून अजून मागे दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावात. अँथनी गोन्साल्विस त्या गावचे. 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' म्हणत हे नाव सगळ्यांनी गायलेलं आहे, फक्त या नावाचा खरोखरचा एक व्हायोलिनवादक, अरेंजर (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारा) आणि कंपोझर होऊन गेला हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आधी गोव्याचं बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. पोर्तुगीज काळात तिथे चर्चला जोडून शाळा असायच्या आणि तिथे पोरांना प्रार्थनेसोबत संगीतही शिकवायचे, म्हणजे नुसतं कानाने ऐकून गाणं नाही, तर स्टाफ नोटेशन म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं वेस्टर्न संगीत वाचायला शिकायचं, सोल्फेज म्हणजे डो-रे-मी करत सूर म्हणायचे, व्हायोलिन धरायचं. त्यामुळे समोर कागद ठेवला की बघून वाजवणारे वादक गावोगावी पिढ्यान् पिढ्या तयार होत गेले. गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा, घरात वडीलच चर्चचं संगीत बघायचे, त्यामुळे लहानपणापासून हेच कानावर आणि हातात. गावात पोटापाण्याची सोय नाही म्हणून ही वादक मंडळी मुंबई गाठायची, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या राहायच्या सामायिक जागा, असायच्या तिथे खाट मिळायची, आणि मग हॉटेलातल्या जॅझ बँडमध्ये नाहीतर सिनेमाच्या स्टुडिओत काम शोधायचं.

सिनेमाला या लोकांची गरज का पडली हेही समजून घ्यायला हवं. आपले संगीत दिग्दर्शक बहुतेक पेटीवर चाल बांधणारे, रागदारीत मुरलेले, आणि चाल तर त्यांचीच असायची यात शंका नाही. पण एकदा का व्हायोलिनांचा मोठा ताफा, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन असं सगळं आलं की कुणी कुठल्या मात्रेला काय वाजवायचं हे प्रत्येकाच्या कागदावर लिहून द्यावं लागतं, आणि हे लिहिणारा माणूस म्हणजे अरेंजर, जो बऱ्याचदा गोव्याचा. पुणतांब्याचे चितळकर म्हणजे आपले सी. रामचंद्र, त्यांच्यासोबत आल्दोनाचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट होता, १९५१ च्या 'अलबेला'मधली गाणी आजही वाजली की पाय हलतात त्यात त्याचा वाटा मोठा. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा होते, जे फाळणीआधी लाहोरला बँड चालवायचे. राज कपूरच्या गाण्यात मुख्य चालीच्या मागे व्हायोलिनांची दुसरीच सुरावट वाहत असते ना, ते त्यांचं काम. पडद्यावर मात्र नाव असलंच तर 'सहाय्यक' म्हणून आणि पुष्कळदा तेवढंही नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या गाण्यांचा निम्मा रंग या लोकांच्या हाताचा आहे.

गोन्साल्विस १९४३ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या आसपास, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून लागले. पुढे अरेंजर झाले आणि व्हायोलिन शिकवायलाही लागले, शिष्यांमध्ये एक प्यारेलाल शर्मा, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले, आणि एक राहुलदेव बर्मन, नुसत्या या दोन नावांवरून माणसाचं वजन लक्षात यावं. पण बाकीच्या अरेंजर मंडळींपेक्षा त्यांचं एक वेगळं होतं. स्टुडिओत रोज आजूबाजूला गाणारे-वाजवणारे हिंदुस्थानी कलाकार ऐकून ते रागांच्या पार प्रेमात पडले आणि त्यांना वाटायला लागलं की रागाला गाण्याच्या इंटरल्यूडपुरतं, म्हणजे कडव्यांमधल्या वाद्यांच्या तुकड्यापुरतं, कशाला ठेवायचं, सरळ सिंफनी ऑर्केस्ट्रासाठीच लिहू या.

हे बोलायला सोपं आहे. वेस्टर्न संगीत उभं राहतं हार्मनीवर, तीन-चार स्वर एकदम वाजतात, त्याला कॉर्ड म्हणतात, आणि त्या कॉर्डमधून ओढ तयार होते. आपला राग चालतो एकेका स्वराने, खाली षड्ज धरून. आता सारंग घ्या, म्हणजे नेहमीचा वृंदावनी सारंग, त्यात गंधारही नाही आणि धैवतही नाही. गंधारच नाही म्हटल्यावर षड्जावरची कॉर्ड मेजर (उजळ वाटणारी) की मायनर (उदास वाटणारी) हे ठरवणार कशावरून, तो ठरवणारा स्वरच रागाने बाहेर ठेवलाय. आणि पुढची गंमत म्हणजे चढताना निषाद शुद्ध, उतरताना कोमल, म्हणजे प-नी-रे अशी कॉर्ड धरली तर वर जाताना ती मेजर होते आणि खाली येताना मायनर. तोडीत तर अजून कठीण, तिथे रिषभ कोमल असल्यामुळे पंचमावरची कॉर्ड नेहमीसारखी घट्ट बसतच नाही, तिचा वरचा स्वर अर्ध्या सुराने खाली येतो आणि षड्जाकडे परत नेण्याची जी ताकद वेस्टर्न कान त्या कॉर्डकडून धरून चालतो ती बदलून जाते. यात भर म्हणजे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि श्रुती (सुरांमधले बारीक फरक). दहा व्हायोलिनवाल्यांनी एकच मींड एकसारखी घ्यायची तर ती कागदावर लिहायची कशी?

गोन्साल्विस यांनी नेमके हेच दोन राग अंगावर घेतले. सारंग रागातला कॉन्चेर्टो (मुख्य वादक आणि त्याला साथ देणारा ऑर्केस्ट्रा अशी रचना), तोडी थाटातला व्हायोलिन कॉन्चेर्टो, शिवाय 'सोनाटिना इंडियाना', अशा त्यांच्या रचना आहेत. १९५८ मध्ये त्यांनी स्वतः सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात कार्यक्रम केला, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. डोळ्यासमोर आणून बघा जरा, स्टुडिओत शिफ्टवर वाजवणारी गोव्याची मंडळी, समोर लिहिलेले कागद, आणि लताबाई इंटरल्यूडवाल्या गाण्यासाठी नाही तर ऑर्केस्ट्राच्या सोलोइस्ट म्हणून उभ्या.

काळाच्या हिशेबात हे किती पुढचं होतं ते बाकीच्या तारखा शेजारी ठेवल्या की कळतं. कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मेयर यांचं लंडनमधलं 'इंडो-जॅझ सुट' १९६६ चं, शंकर-जयकिशन यांची 'रागा जॅझ स्टाइल' १९६८ ची, रविशंकर यांचा लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचा सतार कॉन्चेर्टो १९७१ चा, इलैयाराजा यांचा 'हाऊ टू नेम इट' १९८६ चा. हे सगळे मोठे आणि त्यांचं मोठेपण कमी करायचं नाहीच आहे, पण या रांगेत गोन्साल्विस सगळ्यात आधी उभे आहेत आणि आपण ते नाव घेतच नाही.

मग हे पुढे का वाढलं नाही? मला यात मुख्य कारण पैशाचं आणि संस्थेचं दिसतं. मुंबईत सिनेमा रोज काम देत होता, शिफ्टचे पैसे देत होता, आणि ऑर्केस्ट्राला तालमीसाठी तीच माणसं, तोच वेळ लागायचा. त्यांना पगारावर ठेवणारी, कंपोझरला रचना लिहायला सांगणारी संस्था त्यामागे नव्हती. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला सिरॅक्युज युनिव्हर्सिटीत गेले आणि फिल्म इंडस्ट्री सुटली ती सुटलीच. नंतर ते माजोर्ड्याला परतले, १८ जानेवारी २०१२ ला गोव्यातच गेले.

मधे १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला आणि प्यारेलाल यांनी गुरूंचं नाव गाण्यात घातलं. शिष्याने मनापासून केलेला तो नमस्कार होता, पण झालं असं की गाणं इतकं गाजलं की मोठ्या अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि व्हायोलिनवाले गुरू राहिले मागेच.

जी संस्था १९५८ मध्ये नव्हती ती मुंबईत २००६ मध्ये आली, एनसीपीए या कलाकेंद्राचा 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया'. त्यांनी झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी कॉन्चेर्टो लिहून घेतला, 'पेशकार', तो २०१५ मध्ये मुंबईतच पहिल्यांदा वाजला. रीतसर कमिशन, पगारी वादक, तालमी, चांगला हॉल, गोन्साल्विस यांना जे मिळायला हवं होतं ते सगळं आता या शहरात आहे. सारंग आणि तोडीचे ते दोन कॉन्चेर्टो याच ऑर्केस्ट्राने एकदा वाजवावेत, आणि कार्यक्रमपत्रिकेवर कंपोझर म्हणून त्यांचं नाव पूर्ण छापावं, माजोर्डा, गोवा या पत्त्यासकट.